कॅफिन टाकलं आणि कॅल्शियम वाढलं, पण ते आलं कुठून? मायोट्यूबवरचा प्रयोग, टप्प्याटप्प्याने

कोल्हापूर आणि आसपासच्या कॉलेजांतले एम.एस्सी.चे प्रकल्प माझ्याकडे वाचायला येतात. कंकाल स्नायूतल्या कॅल्शियमवरच्या प्रकल्पांत एक वाक्य हमखास सापडतं: "कॅफिन दिल्यावर चमक वाढली, म्हणजे रायनोडिन रिसेप्टर उघडला." चमक (कॅल्शियम लागलं की उजळणाऱ्या डायची) वाढलेली असते, आलेखही देखणा असतो, पण "म्हणजे" या शब्दाला आधार नसतो. चमक वाढण्याची निदान पाच कारणं असू शकतात. कॅल्शियम बाहेरून पेशीत शिरलं असेल. आतल्या साठ्याचं रायनोडिन रिसेप्टरचं दार उघडलं असेल. त्याच साठ्यावरचं दुसरं, आयपी३ या निरोप्या रेणूने उघडणारं आयपी३ रिसेप्टरचं दार उघडलं असेल. साठ्यात कॅल्शियम परत ओढणारा सर्का पंप बंद पडला असेल. किंवा कॅल्शियम मुळीच वाढलं नसेल आणि पेशी हलल्यामुळे वा रसायनामुळे प्रकाश बदलला असेल. कोणतं कारण खरं हे ठरवायचं, तर प्रयोगाचा क्रम आधीच तसा आखावा लागतो. नंतर आकडेमोड करून ते सिद्ध होत नाही.

हा लेख सी२सी१२ या उंदराच्या स्नायुपेशींसाठी, आणि त्या जुळून बनणाऱ्या मायोट्यूब या तंतूंसाठी आहे. बेडकाची पोटरी कॉलेजच्या प्रात्यक्षिकातून गेली आहे, आणि या कामाला तिची गरजही उरलेली नाही.

## सुरुवातीपूर्वी: आत काय असतं

शांत स्नायुपेशीच्या द्रवात मोकळं कॅल्शियम ५० ते १०० नॅनोमोलर असतं. सार्कोप्लाज्मिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे एसआरमध्ये, ते त्याच्या काही हजार पट असतं. या उताराच्या तोंडाशी रायनोडिन रिसेप्टर बसलेला असतो. त्याचे चार भाग असतात आणि प्रत्येक भाग सुमारे ५००० अमिनो आम्लांचा असतो. कंकाल स्नायूत पेशीच्या आवरणातलं व्होल्टेज ओळखणारं प्रथिन त्याला थेट ढकलतं, त्यासाठी बाहेरून कॅल्शियम आत यावं लागत नाही. हृदयाच्या स्नायूत मात्र यावं लागतं. हा फरक नीट लक्षात ठेवा, चौथ्या टप्प्यात तोच कामाला येणार आहे.

या दारावर नैसर्गिक लगामही असतात. मायक्रोमोलर कॅल्शियम आणि एटीपी ते उघडायला मदत करतात, तर मॅग्नेशियम आणि मिलिमोलर कॅल्शियम ते रोखतात. कॅफिन दार फोडून उघडत नाही. ते दाराला कॅल्शियमबाबत जास्त हळवं करतं, इतकं की विश्रांतीच्या पातळीचं कॅल्शियमसुद्धा दार उघडायला पुरतं.

## टप्पा १: पेशी आणणं आणि वाढवणं

सी२सी१२ पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून मागवता येतात. मागणीची वेळ विचारपूर्वक ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये मागवू नका. पंचगंगेला पूर आला की शिरोलीजवळ महामार्ग बंद होतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी तो झाला होता. कोरड्या बर्फातलं पार्सल वाटेत अडकलं की पेशी गेल्याच म्हणून समजा. चालू फ्लास्क स्वतः आणणार असाल तर तो माध्यमाने गळ्यापर्यंत भरलेला असावा, म्हणजे गाडीच्या हिंदकळण्याने पेशी कोरड्या पडत नाहीत. फ्लास्क बर्फात ठेवू नका.

वाढीसाठी जास्त ग्लुकोजचं डीएमईएम हे माध्यम आणि १० टक्के फीटल बोव्हाइन सीरम वापरा. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते: शनिवारी फ्लास्क ठेवायचा आणि सोमवारी बघायचा. तोवर पेशी एकमेकींना चिकटतात, त्यांतल्या ज्या जुळून तंतू बनवू शकतात त्या जुळून जातात, आणि पुढच्या पिढीसाठी न जुळणाऱ्याच उरतात. दोन-तीन वेळा असं झालं की सगळा संच निरुपयोगी होतो, आणि हे कळतं थेट महिनाभराने. ६० ते ७० टक्के जागा भरली की पेशी वेगळ्या करा, रविवार असला तरी. सुरुवातीच्या पिढ्यांच्या कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये राखून ठेवा.

प्रयोगासाठी काचेच्या तळाच्या डिशला जिलेटिनचा थर द्या आणि पेशी पसरवा. ८० ते ९० टक्के भरल्यावर सीरम बदला: २ टक्के हॉर्स सीरम. चार-पाच दिवसांत लांब, अनेक केंद्रकांच्या मायोट्यूब दिसू लागतात. सातव्या दिवसानंतर त्या काचेवरून सुटायला लागतात, म्हणून रेकॉर्डिंगची तारीख सीरम बदलतानाच ठरवा आणि मायक्रोस्कोपचं बुकिंगही त्याच दिवशी करा. माध्यम बदलताना डिशच्या कडेने, हलक्या हाताने सोडा.

तपासा: साध्या मायक्रोस्कोपखाली बघा. एका तंतूत तीनपेक्षा जास्त केंद्रकं दिसतात का? तारेसारख्या एकेकट्या पेशीच दिसत असतील तर पुढे जाऊ नका. रायनोडिन रिसेप्टर मायोब्लास्टमध्ये, म्हणजे न जुळलेल्या एकेकट्या पेशींत, पुरेसा नसतो, तो तंतू बनताना येतो. "कॅफिनला प्रतिसाद नाही" असे जे निष्कर्ष मी वाचले, त्यांतले बरेच मायोब्लास्टवर घेतलेले होते.

## टप्पा २: द्रावणं, एक दिवस आधी

रेकॉर्डिंगचा बफर, १ लिटरसाठी: सोडियम क्लोराइड ८.१८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७३ ग्रॅम, दोन पाण्यांचं कॅल्शियम क्लोराइड ०.२६५ ग्रॅम, सहा पाण्यांचं मॅग्नेशियम क्लोराइड ०.२०३ ग्रॅम, ग्लुकोज १.८० ग्रॅम, हेपीज २.३८ ग्रॅम. पीएच ७.४, सोडियम हायड्रॉक्साइडने.

कॅल्शियम क्लोराइडची बाटली पावसाळ्यात उघडी राहिली की ते ओलावा ओढतं आणि वजन खोटं ठरतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा धोका रोजचा आहे. शक्य असेल तर १ मोलरचं तयार द्रावण विकत घ्या आणि लिटरला १.८ मिलिलिटर घाला.

*कॅल्शियमविना बफर:* वरच्यातून कॅल्शियम वगळा, मॅग्नेशियम दुप्पट करा, कॅल्शियमला पकडून ठेवणारं ईजीटीए १ मिलिमोलर घाला. ईजीटीए आम्लधर्मी पाण्यात विरघळत नाही. ते वेगळ्या भांड्यात सोडियम हायड्रॉक्साइडने विरघळवून मग मिसळा आणि शेवटी पीएच पुन्हा मोजा. नुसतं कॅल्शियम वगळणं पुरत नाही, कारण पाणी आणि काचेतूनही मायक्रोमोलर पातळीचं कॅल्शियम येतं.

*जास्त पोटॅशियमचा बफर*, आवरणाचं व्होल्टेज बदलून दार उघडून बघायला: पोटॅशियम क्लोराइड ६० मिलिमोलर, म्हणजे ४.४७ ग्रॅम. सोडियम क्लोराइड तितकंच कमी करून ८५ मिलिमोलर, म्हणजे ४.९७ ग्रॅम. सोडियम कमी न करता वरून पोटॅशियम ओतलं तर द्रावण जड होतं, पेशी आक्रसते, आणि तुम्ही विद्युतभाराचा परिणाम मोजताय की आक्रसण्याचा, हे कळत नाही.

*कॅफिन:* थेट रेकॉर्डिंग बफरमध्ये बनवा. १०० मिलिलिटरमध्ये ०.५८३ ग्रॅम म्हणजे ३० मिलिमोलर. बाकीच्या मात्रा यातूनच पातळ करून घ्या. पाण्यात कॅफिन साधारण १०० मिलिमोलरपर्यंतच विरघळतं, तेही २५ अंशांना. त्यामुळे "शंभरपट स्टॉक" बनवायचा हट्ट धरू नका. फ्रिजमध्ये त्याचे सुईसारखे स्फटिक पडतात आणि वरचं द्रावण लेबलपेक्षा पातळ राहतं.

इशारा: बाटलीवर "कॅफिन सायट्रेट" लिहिलंय का बघा. त्यात वजनाच्या निम्मंच कॅफिन असतं, आणि सायट्रिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं. आपल्याला निर्जल शुद्ध कॅफिन हवं.

*४-क्लोरो-मेटा-क्रेसॉल*, कॅफिनसारखंच हे दार उघडणारं दुसरं रसायन: डीएमएसओ या द्रावकात ५०० मिलिमोलर, म्हणजे मिलिलिटरला ७१ मिलिग्रॅम. हजारपट पातळ केलं की ५०० मायक्रोमोलर मिळतं आणि डीएमएसओ ०.१ टक्क्यावर राहतं. हा फिनॉल आहे, हातमोजे घाला. दार रोखणारं *डॅन्ट्रोलीन* डीएमएसओमध्ये २० मिलिमोलर, कुपीला फॉइल गुंडाळून, कारण ते प्रकाशाने खराब होतं. *रायनोडिन* विषारी आहे. ते तोलू नका, छोट्या कुपीत मिळतं त्यातच डीएमएसओ घाला. वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही, वेगळ्या बाटलीत जमा करा.

## टप्पा ३: डाय भरणं

फ्लुओ-४ हा कॅल्शियम लागलं की उजळणारा डाय, आणि एएम हे त्याला पेशीत शिरता यावं म्हणून जोडलेलं टोक. फ्लुओ-४ एएमची ५० मायक्रोग्रॅमची कुपी घ्या, ४५.६ मायक्रोलिटर कोरडं डीएमएसओ घाला, १ मिलिमोलर झालं. डीएमएसओ हवेतलं पाणी पितं आणि पाण्यात एएमचा बंध तुटतो. एकदा तुटलेला डाय पेशीत शिरत नाही. उरलेला डाय महिनाभर वापरायची काटकसर म्हणूनच अंगाशी येते.

डाय पाण्यात पसरायला मदत करणारं २० टक्के प्लुरॉनिक एफ-१२७ तितकंच घेऊन डायमध्ये मिसळा, मग बफरमध्ये ३ मायक्रोमोलर होईल इतकं पातळ करा. अंधारात ३० मिनिटं ठेवा. धुवा. पुन्हा ३० मिनिटं साध्या बफरमध्ये ठेवा. हा दुसरा अर्धा तास बरेच जण गाळतात. याच वेळात पेशीतली एन्झाइमं एएमचं टोक तोडतात आणि तेव्हाच डाय कॅल्शियमला खऱ्या अर्थाने प्रतिसाद देऊ लागतो. तो गाळला की रेकॉर्डिंग सुरू असताना आधाररेषा आपोआप वर सरकत राहते.

तापमान २२ ते २५ अंश ठेवा. डाय ३७ अंशांना भरला तर तो एसआर आणि मायटोकाँड्रियातही शिरतो, आणि मग तुम्ही साठ्याच्या आतलंच कॅल्शियम मोजत बसता. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी एसी नसलेली खोली सहज ३३-३४ अंशांवर जाते. त्या दिवसांत सकाळी सातला भरणं सुरू करा.

तपासा: भरल्यावर तंतू एकसारखा मंद चमकतोय, की त्यात ठिपके आणि जाळी दिसतेय? ठिपके दिसले तर ती डिश बाजूला ठेवा. वीस मिनिटांत चमक उतरत असेल तर डाय बाहेर फेकला जातोय. बफरमध्ये १ मिलिमोलर प्रोबेनेसिड घाला, मात्र मग ते सगळ्याच डिशमध्ये घाला.

## टप्पा ४: रेकॉर्डिंगचा क्रम

मायक्रोस्कोप आणि कॅमेरा यूपीएसवर आहेत याची खात्री करून घ्या. लाइट जाऊन परत आली की दिव्याची तीव्रता बदलते आणि आधीचं-नंतरचं जुळत नाही. प्रकाश शक्य तितका मंद ठेवा. सेकंदाला एक-दोन चित्रं पुरतात.

एका डिशमध्ये असा क्रम ठेवा:

१. साठ सेकंद नुसता बफर वाहू द्या. आधाररेषा सपाट आहे ना?

२. त्याच बफरचा डोस द्या, रसायनाशिवाय, त्याच वेगाने. पिपेटने जोरात द्रव सोडला की धक्क्याने पेशी एटीपी बाहेर टाकतात. ते एटीपी पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला लागतं आणि आयपी३च्या वाटेने खरंखुरं कॅल्शियम सुटतं. धक्क्याने आलेला हा उंचवटा कॅफिनचा म्हणून प्रबंधात छापलेला मी बघितला आहे. या पायरीला चमक हलली तर आधी प्रवाह हळू करा.

३. कॅल्शियमविना बफर, दोन मिनिटं.

४. त्याच बफरमध्ये १० मिलिमोलर कॅफिन, २० ते ३० सेकंद. बाहेर कॅल्शियम नसतानाही चमक वाढली, तर ते आतून आलं. इथे पहिला प्रश्न सुटला.

५. धुवा, आणि नेहमीच्या कॅल्शियमयुक्त बफरमध्ये ८ ते १० मिनिटं थांबा. साठा रिकामा झालाय, तो भरायला वेळ आणि बाहेरचं कॅल्शियम दोन्ही लागतं. दोन मिनिटांत दुसरं कॅफिन देऊन "प्रतिसाद कमी झाला, रिसेप्टर थकला" असं लिहिणं ही फार नेहमीची चूक आहे.

६. पुन्हा तेच कॅफिन. पहिल्याच्या जवळपास उंची आली तरच ही डिश पुढच्या तुलनेला पात्र.

७. शेवटी आयनोमायसिन (आवरणांतून कॅल्शियम आरपार नेणारं रसायन) ५ मायक्रोमोलर, कमाल चमकेसाठी. त्यानंतर भरपूर ईजीटीए, किमान चमकेसाठी.

वेगळ्या डिशमध्ये कॅफिनच्या जागी ६० मिलिमोलर पोटॅशियम द्या, कॅल्शियमयुक्त आणि कॅल्शियमविना अशा दोन्ही बफरांत. चांगल्या मायोट्यूबमध्ये थोड्या वेळापुरता तरी दोन्हीकडे प्रतिसाद मिळतो. फक्त कॅल्शियमयुक्त बफरमध्येच मिळाला, तर तुमच्या तंतूंमध्ये व्होल्टेज आणि दार यांची सांगड अजून बसलेली नाही, त्यांना आणखी एक-दोन दिवस द्या.

इशारा: कॅफिनने तंतू आखडतो आणि फोकसमधून सरकतो. फ्लुओ-४ एकाच तरंगलांबीवर मोजला जातो, त्यामुळे सरकणंही कॅल्शियमसारखंच दिसतं. व्हिडिओ उघडून डोळ्यांनी बघा. आकुंचन थांबवायचं तर बीटीएस वापरा. ब्लेबिस्टॅटिन इथे नको, ज्या निळ्या प्रकाशात फ्लुओ-४ बघतो त्याच प्रकाशात ते बिघडतं आणि पेशींना विषारी ठरतं.

## टप्पा ५: दार कोणतं, हे सिद्ध करणं

आतून आलं हे कळलं. आता रायनोडिन रिसेप्टरचंच दार उघडलं का, हे बघायचं. एकाच रसायनावर विसंबू नका, प्रत्येकाची काही ना काही खोड आहे.

कॅफिन लगेच लागतं आणि लगेच धुऊन निघतं. हा त्याचा मोठा गुण. पण ते फॉस्फोडायएस्टरेज हे एन्झाइम रोखतं, म्हणजे सायक्लिक एएमपी वाढवतं, आणि आयपी३ रिसेप्टरला उलट बंद करतं. ही शेवटची खोड आपल्या पथ्यावर पडते: कॅफिनने सुटलेलं कॅल्शियम आयपी३च्या दारातून आलं असण्याची शक्यता त्यामुळे कमी होते. मात्रा १, ३, ५, १०, २०, ३० मिलिमोलर घ्या, लहानाकडून मोठ्याकडे, मध्ये पूर्ण विश्रांती देऊन. ३० मिलिमोलरसोबत ३० मिलिमोलर मॅनिटॉलची एक डिशही ठेवा, द्रावण जड होण्याचा परिणाम वेगळा काढायला.

खालच्या मात्रा वगळू नका, खरी माहिती तिथेच असते. मॅलिग्नंट हायपरथर्मिया या, भूल दिल्यावर स्नायू आखडून अंग तापणाऱ्या आजाराच्या तपासणीत रुग्णाच्या स्नायूचा तुकडा कॅफिनमध्ये ठेवतात. युरोपीय पद्धतीत २ मिलिमोलर किंवा त्याहून कमी कॅफिनला स्नायू निदान २ मिलिन्यूटन जोराने आखडला, तर तो कॅफिनच्या कसोटीवर धोक्याचा ठरतो. १० मिलिमोलरला निरोगी आणि आजारी, दोन्ही स्नायू उत्तर देतात.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. कोल्हापुरात तालमीतली पोरं मला विचारतात, कॉफी पिऊन आखाड्यात उतरलं तर स्नायूत असंच कॅल्शियम सुटतं का? नाही. एक कप कॉफीत साधारण १०० मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि त्याने रक्तात साधारण दहा मायक्रोमोलरपर्यंत पातळी जाते. डिशमध्ये आपण त्याच्या शेकडो पट देतो. माणसाच्या रक्तात १ मिलिमोलर होण्याच्या कितीतरी आधी जीव धोक्यात येतो. कॉफीने येणारी तरतरी मेंदूतल्या अ‍ॅडिनोसिन रिसेप्टरमुळे असते. प्रकल्पाच्या प्रस्तावनेत "पैलवानांसाठी उपयोग" असा परिच्छेद कृपा करून घालू नका, कुणीतरी तो वाचून गोळ्या खाईल.

४-क्लोरो-मेटा-क्रेसॉल कॅफिनपेक्षा कितीतरी कमी मात्रेत, १०० ते ५०० मायक्रोमोलरला, काम करतं. रचनेने ते कॅफिनशी काहीच नातं सांगत नाही, म्हणून साक्षीदार म्हणून मोलाचं. दोन परके रेणू एकच उत्तर देत असतील तर दावा भक्कम होतो. मात्रा वाढवली की ते सर्का पंपालाही रोखतं, म्हणून ५०० मायक्रोमोलरच्या वर जाऊ नका. सोबत ०.१ टक्का डीएमएसओची डिश हवीच.

रायनोडिन सगळ्यात जास्त चुकीचं वापरलं जातं. नॅनोमोलरपासून १० मायक्रोमोलरपर्यंत ते दार अर्धवट उघडं अडकवून ठेवतं, १०० मायक्रोमोलरच्या वर दार बंद करतं. म्हणजे एकच रसायन मात्रेनुसार उलटसुलट वागतं. शिवाय ते उघड्या दारालाच चिकटतं. शांत पेशीवर पाच मिनिटं ठेवून लगेच चाचणी घेतली तर "रायनोडिनने फरक पडला नाही" असंच दिसणार. पद्धत अशी: रायनोडिन असतानाच कॅफिनचे तीन-चार छोटे डोस, मध्ये विश्रांती. दर वेळी उंची घटत गेली आणि शेवटी नाहीशी झाली, तर दार सापडलं. रायनोडिन धुऊन निघत नाही, ती डिश तिथेच संपली.

या डिशचा आणखी एक फायदा आहे. दार बंद असताना कॅफिन देऊन चमक अजिबात हलली नाही, तर कॅफिन स्वतः डायच्या प्रकाशात ढवळाढवळ करत नाही हेही कळतं.

पण साठाच रिकामा असेल तर? हा प्रश्न परीक्षक विचारतोच, आणि विचारायलाच हवा. अर्धवट उघड्या दारातून कॅल्शियम गळून गेलं असेल तरी कॅफिनला उत्तर मिळणार नाही. म्हणून शेवटी कॅल्शियमविना बफरमध्ये आयनोमायसिन द्या. तरी चमक उसळली, तर आत कॅल्शियम होतं आणि दार खरोखर बंद होतं. उसळली नाही, तर तुम्ही फक्त साठा रिकामा केलात, आणि तेवढंच लिहायचं.

थॅप्सिगार्जिन १ मायक्रोमोलर हे उलट बाजूने तपासायला. ते पंप बंद करतं, साठा झिरपून रिकामा होतो, चमक काही मिनिटांत हळूहळू चढते आणि उतरते. त्यानंतर कॅफिनला प्रतिसाद मिळता कामा नये. चढण्याचा वेगही बघा: दार उघडल्यावर उसळी सेकंदांत येते, पंप बंद पडल्यावर मिनिटांत.

डॅन्ट्रोलीन २० मायक्रोमोलर प्रतिसाद कमी करतं, पण क्वचितच पूर्ण थांबवतं. ३० मिलिमोलर कॅफिनसमोर त्याची परीक्षा घेऊ नका, ३ ते ५ मिलिमोलरला घ्या. रुथेनियम रेड हेही दार बंद करतं, पण ते जिवंत अखंड पेशीवर टाकू नका. ते आवरणातून आत जात नाही. त्याची जागा आवरण काढलेल्या तंतूंत आणि एसआरच्या पुटिकांत.

## टप्पा ६: मोजणी आणि लेखन

प्रत्येक तंतूची चमक त्याच्या स्वतःच्या आधाररेषेने भागा, आधी पार्श्वभूमी वजा करून. वेगवेगळ्या दिवसांच्या कच्च्या आकड्यांची तुलना करू नका.

एका डिशमधले ६० तंतू म्हणजे ६० नमुने धरायचे नाहीत. त्यांनी एकच डाय, एकच कॅफिन, एकच दिवस बघितलाय. नमुना म्हणजे डिश, आणि निदान तीन वेगळ्या वेळी वाढवलेल्या पेशींच्या. प्रतिसाद न देणारे तंतूही मोजा. "६० पैकी ४१ तंतूंनी प्रतिसाद दिला" हा आकडा सरासरी उंचीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तोच बहुतेक वेळा गाळलेला असतो.

निष्कर्षाचं वाक्य नियंत्रणांच्या पुढे धावू देऊ नका. फक्त चौथा टप्पा झाला असेल तर लिहा: "बाह्य कॅल्शियम नसतानाही कॅफिनने पेशीद्रवातलं कॅल्शियम वाढलं." रायनोडिन आणि आयनोमायसिन दोन्ही झाले असतील तर: "ही वाढ रायनोडिनने थांबली, साठा मात्र भरलेला होता." आणि क्रेसॉलनेही तसंच उत्तर दिलं असेल, तेव्हाच रायनोडिन रिसेप्टरचं नाव निष्कर्षात घ्या.